उमेदवाराची पात्रता मतदाराने कशी तपासावी

निवडणूक जाहीर झाली की उमेदवारांच्या खासगी आयुष्याविषयीच्या ध्वनिफिती, जुनी छायाचित्रे आणि कुजबुज या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरू लागते. त्याच दिवसांत त्याच उमेदवारांनी शपथेवर लिहून दिलेली प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असतात आणि ती उघडून वाचणारे फार थोडे असतात. कुजबुजीवरून माणसाची परीक्षा करण्याच्या या सवयीचा फायदा ज्यांचे खरे गैरवर्तन कागदावर नोंदलेले आहे त्यांनाच होतो, कारण अफवा आणि नोंद यांना लोक एकाच मापाने मोजू लागतात आणि ‘सगळेच तसे’ म्हणून मोकळे होतात. विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या उमेदवाराची पात्रता सामान्य मतदाराने घरबसल्या आणि कोणाच्या ओळखीशिवाय कशी तपासावी, हे येथे सांगितले आहे. ग्रामपंचायतीचे नियम जेथे वेगळे आहेत, तेथे त्यांचा उल्लेख केला आहे.

कागद हाती घेण्यापूर्वी कसोटी ठरवून घ्यावी, नाहीतर आवडत्या उमेदवाराचे सारे क्षम्य आणि नावडत्याचे सारे अक्षम्य दिसू लागते. चूक कोणाच्याही हातून होते. पण एखादा माणूस सत्तेच्या बळावर इतरांना एक नियम लावतो आणि त्याच नियमातून स्वतःला, घरच्यांना व पक्षातल्यांना सोडवून घेतो, तेव्हा तो दांभिकपणा होतो, आणि सार्वजनिक पदासाठी तो साध्या चुकीपेक्षा कितीतरी घातक असतो, कारण पद म्हणजेच इतरांना नियम लावण्याचा अधिकार. म्हणून प्रत्येक आरोपाला तीन प्रश्न विचारावेत. या वर्तनात दुसऱ्या कोणाचे, त्याच्या संमतीविना, नुकसान झाले आहे का? हे वर्तन करताना किंवा झाकताना पदाचा, पैशाचा, पोलिसांचा वापर झाला आहे का? आणि याविषयी उमेदवार शपथेवर किंवा सभागृहात खोटे बोलला आहे का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती गोष्ट कितीही चटकदार असली तरी पात्रतेच्या हिशेबात धरू नये.

प्रतिज्ञापत्र मिळवणे

उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी ठरवले. हा हक्क आकुंचित करण्यासाठी संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलेले कलम ३३ब न्यायालयाने मार्च २००३ मध्ये रद्द केले. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला नामनिर्देशनपत्राबरोबर नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युवर कँडिडेट’ या ॲपवर मतदारसंघ व नाव निवडून पाहता येते, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील सूचनाफलकावरही लावले जाते. एकाच उमेदवाराने दोन-तीन अर्ज भरले असतील तर प्रत्येकासोबतचे प्रतिज्ञापत्र उतरवून घ्यावे. शक्य झाल्यास मागच्या निवडणुकीचेही घ्यावे, कारण खरे काम या दोन कागदांच्या तुलनेतून होते. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या उमेदवारांचे घोषणापत्र मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येते आणि त्याचा नमुना वेगळा असतो.

प्रथम सारी पाने उलटून एकही रकाना कोरा नाही ना, एवढेच पाहावे. माहिती नसेल तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे आणि सूचना देऊनही रकाने कोरे ठेवले तर अर्ज नाकारता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१३ चा निर्णय आहे. कोरा रकाना हा बहुधा विसराळूपणा नसतो, कारण हे कागद वकिलांच्या नजरेखालून गेलेले असतात.

गुन्ह्यांचे रकाने

परिच्छेद ५ मध्ये प्रलंबित खटले आणि परिच्छेद ६ मध्ये दोषसिद्धी, म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवलेली प्रकरणे, दिलेली असतात. खटल्यांचा आकडा मोजून थांबणे ही येथे सर्वाधिक होणारी चूक आहे. वीस गुन्हे असलेला उमेदवार एका गुन्ह्याच्या उमेदवारापेक्षा स्वच्छ असू शकतो. प्रत्येक खटल्यापुढे गुन्हा नोंद क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालय, कलमे, गुन्ह्याचे थोडक्यात वर्णन आणि दोषारोप निश्चित झाले आहेत की नाहीत, हे लिहिलेले असते. आधी कलमे वाचावीत. जुन्या भारतीय दंडसंहितेची कलमे १४३ किंवा १८८ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १३५ एवढेच दिसत असेल, तर ते बहुतेक वेळा मोर्चा, रास्ता रोको किंवा मनाई आदेशाच्या भंगाचे प्रकरण असते. आंदोलनातून उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यावर असे गुन्हे असणारच आणि मी ते त्याच्या विरोधात धरत नाही. पण त्याच यादीत ३५४ (विनयभंग), ३७६ (बलात्कार), ४२० (फसवणूक), ४०९ (लोकसेवकाने केलेला अपहार) किंवा ४९८अ (पत्नीचा छळ) यांपैकी एखादे कलम असेल तर तेथे थांबावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे नव्या प्रकरणांत क्रमांक बदललेले दिसतील. स्त्रीच्या विनयभंगासाठी ७४, पतीकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी ८५ आणि फसवणुकीसाठी ३१८ ही कलमे ध्यानात ठेवावीत. ‘राजकीय सूडापोटी दाखल झालेले गुन्हे’ हे एकच वाक्य दोन्ही प्रकारच्या यादीला लावण्याची पद्धत पडली आहे, म्हणून वर्णनाचा रकाना स्वतः वाचणे अटळ आहे.

त्यानंतर दोषारोपांचा रकाना पाहावा. गुन्हा नोंदवणे पोलिसांच्या हाती असते आणि सत्ता बदलली की त्याचा जोरही बदलतो, पण दोषारोप निश्चित करताना न्यायाधीशाने सकृद्दर्शनी पुरावा पाहिलेला असतो. तोही निकाल नव्हे आणि त्याला निकाल म्हणू नये. शिवाय, दोषारोप निश्चित झाले नसले तरी न्यायालयाने दखल घेतलेली प्रकरणेही उमेदवाराने सांगणे आवश्यक आहे, हे ऑक्टोबर २०१९ मध्ये सतीश उके विरुद्ध देवेंद्र फडणवीस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन प्रकरणे नमूद न केल्याबद्दलचा हा खटला पुढे नागपूरच्या न्यायालयात चालला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये फडणवीस निर्दोष सुटले. या प्रकरणाचा उल्लेख करताना दोन्ही टप्पे सांगावेत; पहिलाच सांगून दुसरा गाळणे हाही दांभिकपणाच आहे, फक्त तो मतदाराचा.

दोषसिद्धीच्या बाबतीत कायदा बराच स्पष्ट आहे. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली की दोषसिद्धीच्या दिवसापासून अपात्रता लागते आणि सुटकेनंतर सहा वर्षे टिकते. अपील दाखल करून सदस्यत्व वाचवण्याची विद्यमान सदस्यांना असलेली सवलत सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस प्रकरणात रद्द केली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि सावनेरची आमदारकी लगेच गेली, ती याच नियमाने. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. शिक्षेला स्थगिती म्हणजे तुरुंगाबाहेर राहण्याची मुभा, आणि दोषसिद्धीला स्थगिती मिळाली तरच अपात्रता थांबते. राहुल गांधी यांची मार्च २०२३ मध्ये गेलेली खासदारकी ऑगस्टमध्ये परत आली, ती सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित केल्यामुळे. ‘स्थगिती मिळाली’ असे उमेदवार व्यासपीठावरून सांगतो तेव्हा कशाला मिळाली, हे विचारावे.

रकान्यांत लिहिलेले पडताळायचे असेल, तर जिल्हा न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. आपल्याकडे नाव आणि आडनाव दोन्ही जुळणारी माणसे एकाच तालुक्यात पाच-पाच असतात, त्यामुळे वडिलांचे नाव, गाव आणि पोलीस ठाणे जुळल्याशिवाय कोणताही खटला कोणाच्या नावावर मांडू नये.

मालमत्ता, आणि जोडीदाराच्या नावाचा रकाना

मालमत्तेच्या तक्त्यात स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती असे वेगळे स्तंभ असतात. शेतजमीन, बिगरशेती जमीन, व्यापारी इमारत आणि घर यांची जागा, क्षेत्रफळ, खरेदीची तारीख, त्या वेळची किंमत आणि आजची अंदाजे किंमत असे सारे तेथे असते. २०१९ पासून गेल्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतील उत्पन्नही द्यावे लागते. वाचताना दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात: पाच वर्षांत दाखवलेले एकूण उत्पन्न आणि त्याच पाच वर्षांत खरेदी केलेल्या मालमत्तेची मूळ किंमत. जमिनीचे बाजारभाव वाढल्याने संपत्तीचा आकडा दुप्पट झाला तर त्यात गैर काही नाही, आणि या एका आकड्यावरून होणारी आरडाओरड बहुधा अडाणीपणाची असते. पण उत्पन्न वर्षाला आठ लाख असताना त्या काळात दोन कोटींची नवी खरेदी दिसत असेल आणि कर्जाच्या रकान्यात ‘निरंक’ असेल, तर पैसा कोठून आला हा प्रश्न रास्तच आहे. सातबारा उतारा आणि नोंदणी विभागाचा इंडेक्स दोन सरकारी संकेतस्थळांवर पाहता येतो. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला मालमत्तेचा दर समोर ठेवला की ‘अंदाजे किंमत’ किती अंदाजे आहे हेही कळते.

जोडीदाराचा स्तंभ सर्वांत काळजीपूर्वक वाचावा, कारण लपवायचे ते बहुधा तेथेच लपवलेले असते. २००४ मध्ये अंबरनाथ मतदारसंघातून निवडून आलेले किसन कथोरे यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि ९ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. प्रतिज्ञापत्रात पत्नीच्या नावावरील बंगला आणि वाहन यांचा उल्लेख नव्हता. त्याच प्रकरणात विजेची थकबाकी न सांगण्याचाही आरोप होता, पण त्या देण्याविषयी वाद असल्यामुळे न्यायालयाने ती बाब तितकी गंभीर मानली नाही. याच्या शेजारी एप्रिल २०२४ चा अरुणाचल प्रदेशातील तेझू मतदारसंघाचा निर्णय वाचावा. तेथे तीन वाहने न दाखवल्याचा आक्षेप होता. ती आधीच दिली-विकली गेली होती, आणि उमेदवाराने आपल्या घरातली प्रत्येक जंगम वस्तू सांगितलीच पाहिजे असे नाही, मतदाराचा माहितीचा हक्क अमर्याद नाही, उमेदवारालाही खासगीपणाचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. जे लपवल्याने मतदाराचा उमेदवाराविषयीचा अंदाजच चुकेल ते दडवणे गंभीर, ही या दोन निकालांतून निघणारी कसोटी मला घरगुती तपासणीसाठीही योग्य वाटते.

देण्यांचा परिच्छेद लहान असतो, पण बोलका असतो. सरकारी निवासस्थान वापरले असल्यास त्याचे भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनी यांची थकबाकी तेथे नोंदवावी लागते. शेतकऱ्याच्या पंपाच्या थकबाकीवर कठोर भाषणे करणाऱ्याचा हा परिच्छेद आवर्जून वाचावा. तसेच परिच्छेद ९ मध्ये व्यवसाय, उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी असलेली कंत्राटे येतात. समजा, एखादा उमेदवार गावोगाव व्यसनमुक्तीच्या सभा घेतो आणि त्याच्या पत्नीच्या उत्पन्नाच्या स्रोतापुढे ‘परमिट रूम व बिअर बार’ असे लिहिले आहे. परवानाधारक व्यवसाय कायदेशीर आहे आणि त्यासाठी तो अपात्र ठरत नाही, पण दारूबंदीच्या ठरावाच्या वेळी तो कोणत्या बाजूने उभा होता, हे विचारण्याचा अधिकार मतदाराला या एका ओळीने दिला आहे.

खासगी वर्तन केव्हा सार्वजनिक होते

‘घरातले घरात’ हा युक्तिवाद कायद्यानेच बऱ्याच अंशी फेटाळलेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(१) मध्ये काही गुन्ह्यांसाठी शिक्षेच्या मुदतीची अटच नाही. नुसता दंड झाला तरी सहा वर्षांची अपात्रता लागते. या यादीत बलात्काराबरोबर पत्नीचा छळ म्हणजे ४९८अ आहे, आणि नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखालील, म्हणजे अस्पृश्यता पाळण्याचे गुन्हेही आहेत. हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली किमान सहा महिन्यांची शिक्षा झाली तरी अपात्रता येते. म्हणजे जो माणूस उंबरठ्याच्या आत दुर्बलावर हात उचलतो किंवा दुसऱ्याला माणूस मानत नाही, त्याच्या हाती दुर्बलांविषयीचे कायदे सोपवू नयेत, हे संसदेनेच मान्य केले आहे.

याच्या उलट, दोन प्रौढ व्यक्तींच्या संमतीने असलेले संबंध, घटस्फोट, धर्म किंवा जात सोडून केलेला विवाह, अविवाहित राहणे, यांपैकी काहीही अपात्रतेचे कारण नाही. अशा गोष्टींची चर्चा स्त्री उमेदवारांच्या बाबतीत अधिक होते आणि त्यांना सभेत उभे राहणे मुश्कील करण्यासाठीच ती केली जाते, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्या संबंधातील दुसरी व्यक्ती हाताखालची कर्मचारी, कार्यकर्ती किंवा मदतीसाठी आलेली अर्जदार असेल, तर संमतीचा प्रश्न पुन्हा उघडतो आणि वर दिलेले पहिले दोन प्रश्न नव्याने विचारावे लागतात. तक्रार झाली होती का, ती कोणत्या समितीपुढे किंवा पोलीस ठाण्यात गेली, तक्रार करणाऱ्या स्त्रीची बदली किंवा बदनामी झाली का, हे पाहावे. माझ्या मते मूळ कृत्याइतकेच वजन त्यानंतरच्या दडपणाला द्यावे, कारण त्यात पदाचा वापर उघड दिसतो.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर तर कुटुंबाचे वर्तन थेट कायद्यात आले आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाली तर सदस्यत्वास अपात्रता येते, आणि सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणही अपात्रतेचे कारण आहे. दोन अपत्यांच्या अटीचा भार गरीब कुटुंबांवर आणि स्त्रियांवर अधिक पडतो, त्यामुळे ती मला न्याय्य वाटत नाही. अतिक्रमणाची अट मात्र अत्यंत योग्य आहे, कारण टपऱ्या हटवण्याचा ठराव ज्या हातांनी मांडायचा, ते हात गायरानात गुंतलेले नसावेत.

बोलणे आणि नोंद यांची तुलना

विद्यमान किंवा माजी सदस्याची विधाने वर्तमानपत्रांतून तारखेसह जमवावीत आणि विधिमंडळाच्या कार्यवाहीतील त्याची भाषणे व प्रश्न त्यांच्याशी ताडून पाहावेत. बरीच विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात, त्यामुळे प्रत्येक वेळी मतदानाची नोंद मिळणार नाही. अशा वेळी त्याने विरोधी पक्षात असताना कशाची मागणी केली आणि सत्तेत गेल्यावर त्याच विषयावर काय केले, ही तुलना उपयोगी पडते. परिस्थिती बदलल्यामुळे मत बदलले असेल आणि त्याने त्याचे कारण लोकांना सांगितले असेल, तर त्याला दांभिक म्हणणे अन्यायाचे आहे.

पक्षालाही याच तराजूत तोलावे. गुन्हे प्रलंबित असलेल्या व्यक्तीला उमेदवारी का दिली, याची कारणे पक्षाने प्रसिद्ध केली पाहिजेत आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी सांगितले. ही जाहिरात सी-७ नमुन्यात वर्तमानपत्रांत व पक्षाच्या संकेतस्थळावर येते. ती कापून ठेवावी आणि याच व्यक्तीविषयी, ती दुसऱ्या पक्षात असताना, या पक्षाचे नेते काय म्हणाले होते, ते शोधून तिच्याशेजारी चिकटवावे. शेवटी सारी टिपणे एकदा नावे बदलून वाचावीत. आपल्या उमेदवाराच्या जागी विरोधकाचे नाव घातल्यावर आपला निष्कर्ष बदलत असेल, तर तपासणी पुन्हा करावी.

कायदेशीर पात्रता ही किमान पायरी आहे, हे महाराष्ट्राने पूर्वी जगून दाखवले आहे. सिमेंट वाटप आणि न्यासांसाठीच्या देणग्या यांवरील न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये अ. र. अंतुले यांनी, आणि मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. दोघांपैकी कोणालाही तेव्हा शिक्षा झालेली नव्हती. ‘अजून दोषी ठरलेला नाही’ हे उत्तर तुरुंगाबाबत पुरेसे आहे. मंत्रिपदासाठी ते पुरेसे आहे का, हे या उदाहरणांवरून मतदाराने ठरवावे.

हाती आलेल्या माहितीचे काय करावे

जे लिहाल त्याला कागदाचा आधार ठेवावा आणि कागदाची तारीख द्यावी. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे विधान, ते खोटे आहे हे ठाऊक असूनही, प्रसिद्ध करणे हे निवडणूक कायद्याखाली भ्रष्ट आचरण ठरू शकते आणि बदनामीचा खटला वेगळाच. कुटुंबीयांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक, मुलांची नावे पुढे पाठवू नयेत, जरी ती सरकारी कागदात दिसली तरी.

प्रतिज्ञापत्रातील एखादी नोंद खोटी असल्याचा ठोस पुरावा असेल, तर निकालाची वाट पाहू नये. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका मतदारालाही करता येते, आणि खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे, पण २००४ च्या अंबरनाथच्या निवडणुकीवरचा शेवटचा शब्द २०१४ मध्ये उच्चारला गेला आणि तोवर ती विधानसभा केव्हाच संपली होती. म्हणून छाननीच्या आधीच, नोटरीसमोर केलेले स्वतःचे प्रतिप्रतिज्ञापत्र पुराव्याच्या प्रतींसह निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यावे. छाननीत अधिकारी खऱ्याखोट्याचा निवाडा करत बसत नाही आणि त्यावरून अर्ज बाद होईल अशी अपेक्षा ठेवू नये. पण उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राप्रमाणे तेही लोकांना पाहण्यासाठी लावले जाते, आणि पत्रकारांना व इतर मतदारांना मतदानापूर्वी त्याचा उपयोग होतो. देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्क्यासह पोच घ्यावी आणि प्रत्येक पानावर आपली सही आहे ना, हे तेथेच पाहून घ्यावे.